पाणी ओसरायच्या आधी

माझी मामी चारचौघांत फारशी न बोलणारी बाई. ऑगस्ट 2019 च्या पुरात ती सांगलीतल्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून केलेल्या जागेत सतरंजीवर बसून होती. अंगावर कुणीतरी दिलेली साडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत घराच्या किल्ल्या, रेशनकार्ड आणि मामांच्या बीपीच्या गोळ्या. पाणी उतरायला लागल्यावर मी मिरजेकडून कशीबशी तिथं पोचले होते. दुपारी एक नेते छावणीत आले. पुढंमागं पोलीस, दोन कॅमेरे, कार्यकर्त्यांची गर्दी. नेते वाकून, हात जोडून प्रत्येकाला ‘जेवण मिळतंय ना?’ असं विचारत होते. मामीपाशी आले तेव्हा ती उठून उभी राहिली आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, ‘‘घरं सोडा म्हणून सांगायला गाडी फिरली तेव्हा पाणी आमच्या पायरीला लागलं होतं. धरणातनं किती सोडणार ते आदल्या रात्री कुणालाच ठाऊक नव्हतं का?’’ नेते थांबले. ते काहीतरी बोलणार होते, असं मला आजही वाटतं. पण त्यांच्या शेजारचा एक पोरगा पुढं झाला. ‘‘काकू, आत्ता नको. ही वेळ राजकारणाची न्हाई.’’ नेत्यांनी पुन्हा हात जोडले आणि ते पुढच्या सतरंजीकडे गेले.

तो पोरगा आमच्याच गल्लीतला. त्यानंच मामांना पाठुंगळीला घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून ट्रॅक्टरपर्यंत आणलं होतं. सतत पाण्यात राहून त्याच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलली होती, आणि तरी तो पुन्हा पुन्हा पाण्यात उतरत होता. त्याच्यावर रागवायचं कसं? मामी रागावलीही नाही. ती खाली बसली, पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, ‘‘चुकलं का गं माझं?’’

तिचं काय चुकलं होतं, हे मी तेव्हापासून शोधते आहे.

सांगलीचा पूर कोकणातल्यासारखा अंगावर धावून येत नाही. तो चढतो. तासाला इंच-दोन इंच, कधी रात्रभर तिथंच, मग पुन्हा वर. पाण्याची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात, म्हणून ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न त्या दिवसांत गावभर फिरत असतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. कुठल्या फुटाला दत्तनगर, कुठल्या फुटाला कर्नाळ रोड, मारुती चौकात कधी, टिळक चौकात कधी, याचा हिशेब घराघरात तोंडी असतो. 2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं होतं, आणि ती खूण लोकांनी शेवटची म्हणून मनात धरली. मामांनी 2019 ला टीव्ही, गाद्या, धान्याचे डबे, देवांचा पाट सगळं त्या खुणेच्या वर हातभर चढवून ठेवलं होतं. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. वर चढवलेलंच सगळं बुडालं.

पाणी उतरल्यावरचा वास सांगता येत नाही, पण ज्यानं घेतलाय त्याला तो विसरता येत नाही. भिजून आंबलेला गहू, गाळ, डिझेल, कुठंतरी अडकून फुगलेलं जनावर, आणि गणपती पेठेकडून येणारा ओल्या हळदीचा दर्प. 2005 च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं गेली. जमिनीत खणलेल्या त्या खड्ड्यांतून पिढ्यान् पिढ्या हळद साठवली जायची, त्यांत पाणी शिरलं आणि एक व्यवस्थाच संपत आली. तेव्हाही नेते आले होते. माझ्या आठवणीत हेलिकॉप्टर आहे आणि गच्चीवरून त्याच्याकडे बघत हात हलवणारी आमची पोरं आहेत. त्यांना वाटत होतं की वरच्या माणसाला आपण दिसतोय.

नदीकाठच्या माणसाला पुराची नुसती भीतीच असते असंही नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडायला लागलं की लोक त्या पाण्यात स्नानाला धाव घेतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. चढती नदी आपली वाटते ती एका हद्दीपर्यंत. ती हद्द कुठं आहे आणि ती ओलांडली जाणार आहे हे वेळेवर सांगणं, एवढंच आपण कारभाऱ्यांकडून मागतो. मामीनं तेवढंच मागितलं होतं.

त्या पुरात राज्यकर्त्यांवर टीका झाली नाही असं कुणी म्हणणार नाही. ढीगभर झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा 1 ऑगस्टला मोझरीहून निघाली होती, ती थांबवून ते पाहणीला आले, आणि महिना संपायच्या आत ती पुन्हा सुरू झाली. जलसंपदा मंत्री गिरीश महाजन यांचा होडीतून हात हलवतानाचा, हसऱ्या चेहऱ्यांचा व्हिडिओ राज्यभर फिरला. मदतीच्या गहू-तांदळाच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि स्थानिक आमदारांचे फोटो असलेले स्टिकर निघाले. आणि एक सरकारी आदेश आला: घर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ मोफत. छावणीत तो मोबाइलवर वाचला गेला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘‘मग दीड दिवस बुडालेल्यानं काय करायचं?’’ तिचा प्रश्न कुणी कॅमेऱ्यात घेतला नाही, पण त्या संपूर्ण पुरातला तोच सगळ्यात अचूक प्रश्न होता असं मला वाटतं. ज्यानं तो नियम लिहिला त्यानं गाळ भरलेली चूल कधी उपसली नसणार.

या चारांपैकी सगळ्यात जास्त संताप कशावर झाला? होडीतल्या व्हिडिओवर. मलाही झाला. आमची माणसं पत्र्यावर बसून बिस्किटांच्या पुड्याची वाट बघत होती आणि स्क्रीनवर हात हलत होता. पण महाजन पूरभागात, पाण्यात उतरून फिरत होते हेही खरं आहे, आणि जे मंत्री त्या आठवड्यात मुंबईतून हललेच नाहीत त्यांचा व्हिडिओ नसल्यामुळे त्यांना कुणी काही बोललं नाही. आपण दिसलेल्यावर तुटून पडलो. जे दिसत नव्हतं, म्हणजे विसर्गाचे आकडे, इशाऱ्याची वेळ, बोटींची संख्या, त्याबद्दल बोलायला कुणाकडे धीर उरला नाही. व्हिडिओवरची चर्चा आठवडाभर चालली. ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला गावातली बोट उलटली आणि पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या बायका, लहान मुलं बुडाली. ती बोट एवढी भरली गेली, कारण दुसरी येईल याची खात्री कुणाला नव्हती. एवढ्या मोठ्या नदीच्या काठी, 2005 चा अनुभव गाठीशी असताना, चौदा वर्षांनी एका गावाला एका बोटीवर जीव टाकावा लागतो, यावर जितकं बोलायला हवं होतं त्याच्या शतांशही आपण बोललो नाही.

म्हणून नेत्यानं येऊ नये असं मी म्हणणार नाही. पूर बघायला येणाऱ्यांना ‘पूर पर्यटन’ म्हणून हिणवणं मला पटत नाही. घरात पाणी असताना कुणीतरी मोठा माणूस दारात आला की बरं वाटतं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी सकाळी तिथं पोचले, आणि त्यांच्या राजकारणाशी उभा दावा असलेली माणसंसुद्धा तीस वर्षांनी ते सांगतात. साहेब आले की तलाठी, तहसीलदार, डॉक्टर, सगळे जागेवर येतात. दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या शाळेत नेते येणार म्हणून सकाळपासून पंचनाम्याचं काम थांबलं होतं, कारण पंचनामे करणारे सगळे बंदोबस्ताच्या यादीत होते. दारातल्या चिखलावर मुरूम टाकला गेला. तो मुरूम टाकणारा ट्रॅक्टर आदल्या दिवशी गल्लीतला गाळ उचलायला मिळाला नव्हता.

त्याच पावसाळ्यात, 2 जुलैला, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. झोपलेली माणसं वाहून गेली. धरणाला गळती आहे, हे गावकऱ्यांनी आधी कळवलं होतं. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले की खेकड्यांमुळे धरण फुटलं. राज्यभर हसू उसळलं. व्यंगचित्रं आली, आंदोलकांनी खेकडे आणून दाखवले. मला त्या हसण्याची तेव्हा फार चीड आली होती आणि ती का, हे नंतर कळलं. हसून झालं की माणसाला वाटतं आपला जाब विचारून झाला. गळतीचा अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता, दुरुस्ती झाली असं कागदावर कुणी लिहिलं, बिल कुणी पास केलं, हे प्रश्न तसे रुक्ष, त्यांवर व्यंगचित्र निघत नाही. खेकडा सगळ्यांना आठवतो. त्या रात्री तिवऱ्यात किती घरं होती, ते कितीजणांना आठवतं?

2013 च्या दुष्काळातही असंच झालं. उजनीच्या पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याबद्दल अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत जे बोलले ते इथं पुन्हा लिहायची गरज नाही. नंतर त्यांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश केला. त्या शब्दांनी दुखावलेल्यांना ती माफी मिळायलाच हवी होती. पण शब्दाचं प्रायश्चित्त झालं आणि धरणात पाणी का नव्हतं, उसाला किती गेलं, इतकी वर्षं सिंचनावर खर्च झालेला पैसा कुठल्या शेतात उतरला, हा मूळचा विषय मागंच राहिला. जिथं ते बसले होते तिथं कोयना कृष्णेला मिळते. तेच पाणी पुढं आयर्विनखालून जातं. एका वर्षी पाणी नाही म्हणून, दुसऱ्या वर्षी पाणी फार म्हणून, हाल माणसांचेच. प्रश्नही फारसे वेगळे नाहीत: पाणी कुणाच्या हातात आहे, आणि तो हात कुणाला जबाबदार आहे?

दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा पाणी आलं. सांगली-कोल्हापुरात आलं, महाडजवळ तळीये दरडीखाली गेलं, चिपळूणची बाजारपेठ बुडाली. सरकार बदललेलं होतं, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते. ते चिपळूणच्या बाजारपेठेत आले तेव्हा एका बाईनं रडत रडत त्यांना सांगितलं की काहीही करा, आमदार-खासदारांचे पगार इकडं वळवा, पण आम्हाला मदत करा. शेजारी उभे असलेले आमदार भास्कर जाधव हात उगारल्यासारखा करून चढ्या आवाजात तिला काहीतरी म्हणाले आणि तिच्या मुलाला, आईला समजव, असं सांगितलं. मी ती क्लिप पाहिली आणि अंगावर काटा आला. नंतर त्या बाईंनीच, आपल्याला वाईट वाटलं नाही, ते घरच्यासारखे आहेत, अशा अर्थाचं सांगितलं. त्यावर बऱ्याच लोकांनी, बघा, तिला काही वाटत नाही, मग तुम्हाला काय, असं म्हटलं. मला त्यानं अधिकच खंत वाटली. चिखलानं भरलेल्या दुकानापुढं उभ्या असलेल्या बाईला आमदार परका करून चालत नाही. उद्या पंचनाम्यात नाव आलं नाही तर तिला त्याच दारात जायचं असतं. ‘घरचे आहेत’ या म्हणण्यात माया असेल, नाही असं नाही. पण त्यात अडलेपणही असतं, आणि घरच्या माणसाला हिशेब विचारत नाहीत ही आपल्याकडची रीतही असते.

पक्ष वेगळे, सरकार वेगळं. बाईला गप्प करायची पद्धत मात्र तीच.

ही वेळ राजकारणाची नाही, असं म्हणणाऱ्याला मला एक साधी गोष्ट सांगायची आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 चा आहे. राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. आराखडा करणं, इशारा देणं, माणसं हलवणं हे त्यांना नेमून दिलेलं काम आहे. छावणीतल्या बाईनं ते काम झालं का म्हणून विचारणं हे राजकारण धरलं, तर मग पाकिटावरच्या फोटोला काय म्हणायचं? आणि समजा ही वेळ नाही, तर ती वेळ कधी येते? पाणी ओसरतं, सानुग्रह अनुदान येतं (2019 ला पाच हजार रोख, उरलेले खात्यात), माणसं भिंतींना चुना मारायच्या मागं लागतात. 2019 ला तर 21 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. पुरानंतर अडीच महिनेही झाले नव्हते. प्रश्न विचारायची याहून चांगली वेळ कुठली? पण त्या निवडणुकीतून महाराष्ट्राच्या लक्षात राहिली ती साताऱ्याची 18 ऑक्टोबरची सभा, पावसात भिजत भाषण करणारे शरद पवार. मीही ते चित्र बघून हलले होते, ऐंशीकडे झुकलेला माणूस तसा उभा राहतो हे थोर आहेच. पण त्याच कृष्णेच्या खोऱ्यात, त्याच वर्षी, ज्यांचं घर भिजून गेलं होतं त्यांच्यासाठी कुठल्या पक्षानं पूररेषेबद्दल काय आश्वासन दिलं होतं, ते मला विचाराल तर सांगता येणार नाही.

पूररेषा ही या सगळ्यातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात खरी गोष्ट. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, असा नियम. प्रत्यक्षात आमच्याकडे रात्रीतून मुरमाचे डंपर येतात, ओत, म्हणजे पुराचं पाणी सामावून घेणारी नदीकाठची सखल जागा, भरून निघतो, सकाळी तिथं प्लॉटचे दगड रोवलेले असतात. आधी गुंठेवारी, मग रस्ता, मग नळ, मग मतदार यादी. त्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस बहुतेक गरीब असतो, त्याला गावात दुसरी जागा परवडत नाही. भराव टाकणारा गरीब नसतो, आणि त्याचा फोन कुठं ना कुठं उचलला जातो. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिनं प्रचंड पावसाबरोबर पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडेही बोट दाखवलं आणि एकट्या अलमट्टी धरणाला दोष दिला नाही. तरी दर पावसाळ्यात नेत्यांच्या तोंडी पहिलं नाव अलमट्टीचंच येतं. अलमट्टीची उंची वाढवायला विरोध करायला हवा, त्यावर इथं दुमत नाही. पण अलमट्टी कर्नाटकात आहे, आणि सांगलीतला ओत सांगलीत आहे.

कोल्हापुरात पाऊस वाढला की लोक राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले ते मोजत असतात. ते धरण बांधायला घेतलं शाहू महाराजांनी. 1922 ला महाराज गेले, धरण पुरं व्हायला पुढं कितीतरी वर्षं लागली. उद्घाटनाची फीत त्यांच्या वाट्याला आली नाही. मला हे हल्ली फार आठवतं. पूर नसतानाच्या दहा महिन्यांत जे होतं किंवा होत नाही त्यावर ऑगस्टमधली माणसं जगतात-मरतात, आणि त्या दहा महिन्यांचं कुणाचं चित्रीकरण नसतं.

पावसाळ्याच्या तोंडावर जिल्ह्याची मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पाटबंधारे, महापालिका सगळे असतात, आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर ‘यंत्रणा सज्ज’ अशी बातमी येते. टीका करायची ती त्या दिवशी करायला हवी, चिखल नसताना, रडू येत नसताना. कोयना आणि वारणेतून विसर्ग वाढवायचा ठरला की काठावरच्या सरपंचांना फोन कुणी करायचा आणि किती तास आधी? कुठल्या गावात किती बोटी, किती लाइफ जॅकेट, आणि या उन्हाळ्यात त्या बोटी पाण्यात उतरवून बघितल्या का? निळ्या रेषेच्या आत वर्षभरात किती भराव पडले, किती काढले, कुणावर गुन्हा नोंदवला? घर दीड दिवस बुडालं तर काय मिळणार? उत्तरं लेखी द्यावीत, ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर पंधरा जूनच्या आत लागावीत, आणि खाली पालकमंत्र्यांची सही असावी.